वाय नदीच्या अलीकडे

मॉर्डेन कोर्ट या जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर, निळ्या खोलीत, सगळे पाहुणे पलंगाकडे बघत होते. कुठलासा राजा पळून जाताना त्या पलंगावर एक रात्र झोपला होता म्हणे. दोरीपाशी उभी असलेली म्हातारी स्वयंसेविका ती हकिगत इतकी रंगून सांगत होती, की त्या रात्री पलंगावर चादर जणू तिनंच घातली होती. ग्लेनिस हार्टशॉर्न मात्र पलंगाकडे पाठ करून खिडकीच्या काचेला जवळजवळ नाक लावून उभी होती.

खाली हिरवळ उतरत उतरत थेट नदीपर्यंत गेली होती. हिरवळीच्या कडेला गुलाबाच्या वाफ्यात एक माळी वाकून काहीतरी उपटत होता. त्याची फक्त पाठ दिसत होती, आणि डोक्यावरची कापडी टोपी. पाठ रुंद होती. डंकनचीही पाठ रुंद होती. उभा राहा, जरा उभा राहा, असं ग्लेनिस मनातल्या मनात त्याला विनवत होती. बऱ्याच वेळानं तो उभा राहिला, टोपी काढून त्यानं मान पुसली. पन्नाशीचा, टक्कल पडलेला कुणी भलताच माणूस होता.

“या खिडकीतून नदी काय छान दिसते, नाही?” स्वयंसेविका मागून म्हणाली.

फारच छान, असं ग्लेनिस म्हणाली. नदीकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

डंकन तिचा एकुलता एक मुलगा. चौतिशीत बायकोशी काडीमोड झाला आणि तो किडरमिन्स्टरला आईवडलांकडे परत आला, आपल्या जुन्या खोलीत. आला तो अंथरुणालाच खिळला. दुपार झाली तरी पडदे उघडायचा नाही, बोलायचा नाही, दाढी करायचा नाही. त्याच्या बापानं, लेस्लीनं, जन्मभर गालिच्यांच्या गिरणीत माग दुरुस्त केले होते; त्या खडखडाटानं कान अधू झाले होते आणि आता तो ऐकायचं यंत्र लावायचा. वस्तू कुठं बिघडली ते शोधायचं आणि पाना फिरवायचा, एवढंच त्याला ठाऊक. हे बिघडलेलं पोरगं त्याला उमजेना. आधी त्यानं समजावलं, मग टोमणे मारले, मग एका रविवारी जेवणाच्या टेबलावर त्याचा बांध फुटला. तो म्हणाला, तू आल्यापासून या घराला अवकळा आलीय, तू नसतास तर बरं झालं असतं.

डंकननं मुकाट्यानं जेवण संपवलं. आपली ताटली धुतली, पुसली, फळीवर ठेवली आणि कोटसुद्धा न घेता घराबाहेर पडला. ग्लेनिस तेव्हा सगळ्यांसाठी पुडिंग वाढत होती. ती काही बोलली नाही. नंतर बोलेन, जरा थंड झाल्यावर, असं तिला वाटलं होतं. ते नंतर काही आलंच नाही.

त्यांनी पोलिसांत कळवलं. काही आठवड्यांनी एक पोरगेलीशी पोलीस घरी आली, सोफ्याच्या अगदी कडेला बसली. डंकन सापडला आहे, सुखरूप आहे, असं तिनं सांगितलं. तो सज्ञान आहे, आपला ठावठिकाणा कुणाला सांगू नका असं त्यानं सांगितलंय, त्यामुळे याहून जास्त काही सांगता येणार नाही. गाव तरी कुठलं, ग्लेनिसनं विचारलं. तेही सांगता येणार नव्हतं. बरं, वाळलाय का हो तो, खातोपितो का? पोलीस पोरीनं मान खाली घातली. मी त्याला पाहिलेलं नाही, मला नुसता निरोप आलाय, असं ती म्हणाली. ग्लेनिसला त्या पोरीचीच दया आली.

मेलेल्याचं दुःख माणूस कधी ना कधी गिळतो. पण पोर जिवंत आहे, याच मुलखात कुठंतरी श्वास घेतंय, फक्त आपल्याला तोंड दाखवायचं नाही म्हणतंय, हे गिळायचं कसं? तीन वर्षं ग्लेनिसच्या घशात ते तसंच अडकून राहिलं होतं.

आणि मग या वसंतात, केस कापायला गेलेली असताना, सलूनवाली जॅनिस सहज बोलून गेली. मागच्या उन्हाळ्यात ती बसच्या सहलीला गेली होती. वाय नदीच्या काठची मोठमोठी जुनी घरं आणि बागा. तिथल्या एका बागेत तिनं डंकनसारख्या एकाला ढकलगाडी ढकलताना पाहिलं होतं. दाढी वाढली होती, पण चाल तीच. कुठल्या बागेत ते मात्र आठवेना. “अगं, दोन दिवसांत इतकी घरं दाखवली, की तिसऱ्यानंतर सगळी सारखीच दिसायला लागली.” ग्लेनिसचे केस अर्धे कापून झाले होते. ती तशीच उठली असती तर जॅनिसला संशय आला असता, म्हणून आरशात बघत गप्प बसून राहिली.

लेस्लीला तिनं सांगितलं की यंदा समुद्र नको, मला बागा बघायच्या आहेत. तो म्हणाला, तुला गुलाबातला ग कळत नाही. तरी आला. रॉस गावात एका बाईच्या घरी त्यांनी आठवड्यासाठी खोली घेतली. मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. वरती वेल्सच्या डोंगरात पाऊस झाला होता आणि वाय तांबडीमातकट होऊन काठोकाठ वाहत होती.

पहिले दोन दिवस लेस्लीनं सगळं सोसलं. गुडघा दुखत असताना जिने चढला, कुणा उमरावांच्या घोड्यांची चित्रं बघितली, भांड्याकुंड्यांची दालनं बघितली, कॅफेत बसून स्कोन नावाच्या गोडसर पावावर साय घालून खाल्ली आणि साय कमी दिली म्हणून कुरकुरला. तिसऱ्या दिवशी एका बागेत तो मागं राहिला आहे असं समजून ग्लेनिसनं एका माळ्याला गाठलं, पिशवीतून डंकनचा फोटो काढला आणि त्याच्यापुढं धरला. माळ्यानं मान हलवली. ती वळली तर लेस्ली तिच्या पाठीशी उभा होता.

तो वळून गाडीकडे चालायला लागला. खोलीवर आल्यावर त्यानं दार लावलं आणि बूट न काढता पलंगावर बसला.

“म्हणजे हे आहे तुझं बागप्रेम.”

ती म्हणाली, जॅनिसनं त्याला बघितलंय.

“जॅनिसला स्वतःचा नवरा ओळखू येत नाही चष्म्याशिवाय. सुतावरून स्वर्ग गाठायला निघालीस तू.”

“निघाले. मग?”

“त्यानं सांगितलंय ना, नको म्हणून? पोलिसाला सांगून सांगितलंय. एवढं स्वच्छ माझ्याशी आयुष्यात कुणी बोललं नाही, ग्लेन. त्याला आपण नको आहोत. मी तरी नाही कुणाच्या मागं फिरणार.”

“तुला कशाला वाटेल फिरावंसं,” ती म्हणाली. “तुझी तर इच्छा पुरी झाली.”

हे तोंडातून गेलं आणि तिला वाटलं, आता तो ओरडेल. पण लेस्ली ओरडला नाही. हळूच उठला, बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ सोडून बसला. दुसऱ्या दिवसापासून तो गाडीतच थांबायला लागला. गाडी लावायची, थर्मासमधला चहा प्यायचा, वर्तमानपत्र वाचायचं. ग्लेनिस एकटी आत जायची आणि संध्याकाळी एकटी बाहेर यायची. तिच्या चेहऱ्याकडे एकदा बघून तो गाडी सुरू करायचा.

दोन घरं अशीच गेली. एकीकडे माळी सगळे म्हातारे. दुसरीकडे सगळ्या बाया. रात्री ग्लेनिस भिंतीकडे तोंड करून पडायची आणि तिला एकच दिसायचं. आठवडा संपतोय, आपण किडरमिन्स्टरला परत चाललोय, आणि डंकन कुठल्यातरी कुंपणामागं वाकलेला आहे, जिथवर आपण पोचलोच नाही. उठून ती खिडकी उघडायची. शेजारी लेस्ली जागा आहे हे तिला त्याच्या श्वासावरून कळायचं.

शेवटच्या दिवशी उरलं होतं पेन्सकोट. घर फार मोठं नव्हतं, पण बाग नावाजलेली. विटांच्या उंच भिंतीआड भाजीपाला, पुढं काचघरं, आणि तिथून उतारानं खाली नदीपर्यंत जाणारी लांब वाट. फाटकापाशी एक बाई टेबलावर रोपं मांडून विकत होती. ग्लेनिसनं एक रोप उचलून बघितल्यासारखं केलं आणि फोटो पुढं केला. हा इथं काम करतो का, तिनं विचारलं.

बाईनं फोटोकडे बघितलं, मग ग्लेनिसकडे. “नाही बाई, माहीत नाही मला,” ती म्हणाली. फार लवकर म्हणाली. आणि लगेच खाली बघून सरळ असलेल्या कुंड्या पुन्हा सरळ करायला लागली.

ग्लेनिसनं रोप जागेवर ठेवलं. टेबलाची कड धरून ती क्षणभर उभी राहिली. मग चालायला लागली. भिंतीआडच्या बागेत ती प्रत्येक वाफ्याच्या कडेनं फिरली. मटारच्या वेलांमागं डोकावली. खताच्या ढिगाशी दोन पोरी काम करत होत्या, त्यांच्यापाशी जाऊन उगाचच थांबली. घराकडे ती फिरकलीच नाही. दुपार उलटून गेली. तिनं काही खाल्लं नव्हतं, पाणीसुद्धा प्यायली नव्हती. त्याच त्या वाटांवरून ती इतक्या वेळा गेली, की बाकावर बसलेलं एक जोडपं तिच्याकडे काळजीनं बघायला लागलं.

शेवटी तिनं पाहुण्यांनी जायचं नाही असं लिहिलेलं एक फाटक ढकललं आणि मागच्या काचघरात शिरली. आत ऊब होती, ओल्या मातीचा वास होता. लांब फळीवर टोमॅटोची रोपं कुंड्यांत लावायचं काम कुणीतरी अर्धवट टाकून गेलं होतं. सकाळी टाकलेलं असावं, कारण उपटून ठेवलेली रोपं तशीच माना टाकून पडली होती. शेजारी चहाचा भरलेला मग, गार झालेला. ग्लेनिसनं मगाला हात लावला. मग ती कोमेजलेली रोपं एकेक उचलून मातीत खोचायला लागली. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

“राहू द्या ते,” मागून आवाज आला.

दारात एक उंच, सडसडीत बाई उभी होती, पांढरे केस पुरुषासारखे बारीक कापलेले, गुडघ्यांवर मातीचे डाग. तिनं आपलं नाव सांगितलं. मिस प्रॉसर. इथली मुख्य माळी. “तुम्ही त्याची आई,” ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

“इथं आहे ना तो?”

“हो म्हटलं तर मी त्याला दिलेला शब्द मोडते. नाही म्हटलं तर खोटं बोलते. तेव्हा मला विचारू नका.”

ग्लेनिस रडली नाही. रडायला वेळ नव्हता. मी त्याच्याशी बोलणार नाही, ती म्हणाली, लांबून बघेन, झाडाआडून बघेन, त्याला कळणारसुद्धा नाही.

“त्याला कळलंय,” मिस प्रॉसर म्हणाली. “सकाळी तुम्ही तिकीट काढत होतात, तेव्हाच त्यानं बघितलं तुम्हाला. हातातलं टाकलं आणि गेला. शेडमागं मला तो ओकताना दिसला.”

काचेवर एक माशी आपटत होती. ग्लेनिस तिच्याकडेच बघत राहिली.

मिस प्रॉसर एक उलटी बादली ओढून बसली. डंकन आला तेव्हा कसा होता ते तिनं थोडक्यात सांगितलं. पहिला अख्खा हिवाळा तो कुणाशी बोलला नाही. खणायला सांगितलं की खणायचा, थांबायला सांगितलं नाही तर अंधार पडला तरी खणतच राहायचा. मागच्या भिंतीला लागून एक खोली होती, ती त्याला दिली. हळूहळू खायला लागला, झोपायला लागला. “गेल्या महिन्यात या काचघरात कुणीतरी हसलेलं मी ऐकलं. मला कळेचना कोण. इतके दिवस त्याचं हसणं ऐकलंच नव्हतं.” ती थांबली. “बाई, तुम्ही इथं थांबलात तर तो जाईल. ओळखते मी त्याला. कुठं जाईल ते मला कळणार नाही आणि तुम्हालाही कळणार नाही. आणि पुढच्या ठिकाणी त्याला कुणी राहू देईलच असं नाही.”

“मी इथं काम करते,” ग्लेनिस म्हणाली. “फुकट करते. तण उपटते, कुंड्या घासते. तोंड उघडणार नाही. तो एका टोकाला असला की मी दुसऱ्या टोकाला राहीन.”

“तुम्ही ऐकत नाही आहात.”

“तुम्हाला मुलं आहेत?”

“नाहीत.”

“मग तुम्ही मला…” ग्लेनिस म्हणाली आणि पुढचं तिनं गिळलं. मिस प्रॉसरला राग आलेला दिसला नाही. ती नुसती बसून राहिली, मातीनं काळे झालेले हात मांडीवर ठेवून. तेवढ्यात बाग बंद होण्याची घंटा वाजली. मिस प्रॉसर उठली, दार धरून उभी राहिली आणि फाटकापर्यंत मी सोबत येते म्हणाली.

दोघी निघाल्या. वाटेत दोन फाटे फुटत होते, एक वर फाटकाकडे, एक खाली नदीकडे. खताच्या ढिगाजवळच्या पोरींनी मिस प्रॉसरला काही विचारायला थांबवलं. तेवढ्यात ग्लेनिस खालच्या वाटेला लागली. आधी चालत, मग पळत. बासष्टाव्या वर्षी ती पळत होती, पिशवी मांडीवर आदळत होती, आणि आपण मूर्खासारखं वागतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो निघून जाईल असं त्या बाईनं आत्ताच सांगितलं होतं. तिनं ते ऐकलं होतं, तिला ते पटलंही होतं. पाय मात्र थांबत नव्हते.

नदीच्या काठी जुना लाकडी धक्का होता आणि मोठमोठी वाळुंजाची झाडं. पलीकडच्या काठावर पेन्सकोटचंच कुरण होतं. तिथं चिखलात एक सपाट तळाची नाव ओढून ठेवलेली होती, आणि तिच्या कडेवर, कोपरं गुडघ्यांवर टेकवून, डंकन बसला होता.

दाढी होती. खांदे भरले होते. उन्हानं रापला होता. ग्लेनिसनं दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं. हाक मारली तर तो उठेल आणि जाईल. हाक नाही मारली तरी जाईल. नदी काही समुद्र नव्हे, पण पाणी असं लोंढ्यानं वाहत होतं, की ते अंतर तिला जन्मभराचं वाटलं.

त्यानं मान वर केली आणि तिला बघितलं.

दोघंही हलले नाहीत. ती त्याचा चेहरा डोळ्यांत प्राण आणून बघत होती, पण इतक्या लांबून त्यावर काय आहे ते कळत नव्हतं. मग तिच्या मागं वाळू करकरली. बाग बंद झाली, गाडी हलवा असं गाड्यांच्या मैदानावरच्या माणसानं सांगितल्यावर लेस्ली तिला शोधत उतारावरून लंगडत खाली आला होता. ती वळली आणि त्याची बाही धरली. तिला भीती वाटली ती याची, की हा ओरडेल, नेहमीसारखं काहीतरी कडू बोलेल आणि सगळं संपेल.

लेस्ली पलीकडे बघत होता.

पलीकडे डंकन उठला. बापाकडे बघितलं आणि पाठ फिरवून कुरणातून झाडांकडे चालायला लागला.

“डंकन,” लेस्ली म्हणाला. हाक नव्हती ती, पुटपुटणं होतं, पलीकडे ऐकू जाणं शक्यच नव्हतं. त्यानं ग्लेनिसच्या हातातून बाही सोडवून घेतली, धक्क्याच्या बाजूनं उतरला आणि बुटांसकट पाण्यात शिरला.

तिला आधी कळलंच नाही तो काय करतोय. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, मग मांडीला. तो दोन्ही हात बाजूला पसरून, वाट चालावी तसा चालत होता. लेस, लेस, ती ओरडली. तो कमरेपर्यंत गेला आणि मग पायाखालचा तळ संपला. तो आडवा झाला, टोपी वाहून गेली, डोकं एकदा खाली गेलं, वर आलं आणि लोंढ्यानं त्याला काठाकाठानं खाली ओढत नेलं. पुढच्या वाळुंजाची एक फांदी पाण्यात लोळत होती, ती त्याच्या हाताला लागली. ग्लेनिस पळाली. एका हातानं मूळ धरून पाण्यात उतरली, दुसरा हात लांब केला. पोचेना. फांदी वाकत होती. लेस्लीचं तोंड पाण्याच्या वर होतं आणि तो तिच्याकडे नाही, पलीकडेच बघत होता.

आता तिनं हाक मारली. डंकन, डंकन, अशी घसा फाटेपर्यंत. तिच्याकडून आयुष्यात असा आवाज कधी निघाला नव्हता.

त्याला परत येताना तिनं पाहिलं नाही. नावेचा तळ दगडांवर खरवडल्याचा आवाज आला आणि वल्ह्यांचा. मग नाव आडवी येऊन फांदीला धडकली आणि डंकन तिच्यातून अर्धा बाहेर लोंबकळत बापाच्या काखेत हात घालत होता. “सोड फांदी. सोड म्हणतो ना. पाय मार, पाय.” तो शिव्या देत होता आणि ओढत होता. नाव उलटता उलटता राहिली. शेवटी त्याला ओढत, ढकलत दोघांनी काठावरच्या गवतात आणून टाकलं.

लेस्ली कुशीवर पडून पाणी ओकला. त्याचे दात वाजत होते. कानातलं यंत्र नदीत गेलं होतं, त्यामुळे तो गरजेपेक्षा मोठ्यानं बोलला.

“मला पोहता येत नाही,” तो म्हणाला. “तुला माहितीये ना मला पोहता येत नाही.”

“माहितीये,” डंकन म्हणाला.

त्यानं आपलं जाकीट काढून बापाच्या अंगावर टाकलं. मग खाली बसला, भिजून फुगलेल्या नाड्या सोडल्या, बापाचे बूट काढले, मोजे काढले आणि नावेतलं कोरडं पोतं घेऊन त्याचे पाय खसाखसा घासायला लागला. मान वर न करता घासत होता. ग्लेनिस त्याच्या जवळ सरकली आणि तिनं त्याच्या दाढीला हात लावायला हात पुढं केला.

“नको,” तो म्हणाला. “हात नको लावूस, आई.”

तिनं हात मागं घेतला.

“मला नाही जमत हे,” तो म्हणाला. हलक्या आवाजात, पोत्याकडे बघत. “तुम्हाला बघितलं की मी परत त्या खोलीत जातो. पडदे लावलेल्या. सकाळी गेलोच होतो. तुला वाटत असेल राग आहे मला. राग नाहीये. राग असता तर बरं झालं असतं. परत येऊ नका. आलात तर मला इथनं जावं लागेल आणि मला इथनं जायचं नाही.”

“जेवतोस ना?” तिनं विचारलं. दुसरं काही तिला सुचलंच नाही.

“जेवतो.”

“कधीतरी एक फोन. काही न बोलता नुसता वाजवलास तरी…”

“माहीत नाही, आई.” मग, “मला असं काही म्हणायला लावू नकोस, जे मला करता यायचं नाही.”

मिस प्रॉसर घोंगडी घेऊन उतारावरून धावत येत होती. डंकननं तिला येताना बघितलं आणि उठला. बाप त्याच्याकडे खालून बघत होता. डंकन थोडा वाकला, बापाच्या छातीवरचं जाकीट गळ्यापर्यंत ओढून घेतलं. मग नाव पाण्यात ढकलली आणि पलीकडे गेला. मागं वळून त्यानं बघितलं नाही. ग्लेनिस बघत राहिली, झाडांत शिरेपर्यंत, आणि शिरल्यानंतरही.

गाडी तिनंच चालवली. लेस्ली घोंगडीत गुंडाळून शेजारी बसला होता, हीटर पूर्ण सोडलेला होता, काचांवर वाफ धरत होती. रॉसच्या अलीकडे तो म्हणाला, “काय म्हणाला तो? मला ऐकू आलं नाही.”

तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. खोटं सांगता आलं असतं. पुढच्या वर्षी या म्हणाला, असं सांगितलं असतं तर तो वर्षभर त्यावर जगला असता. आणि पुढच्या वर्षी तो गुडघा ओढत परत त्या उतारावरून खाली गेला असता. तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं सांगितलं, “परत येऊ नका म्हणाला. आलो तर तिथून जाईन म्हणाला.”

लेस्लीनं मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिला.

“त्याचं बरोबर आहे,” तो म्हणाला. आणि मग, “पण आला ना तो. नाव घेऊन आला.”

“आला.”

“मला वाटलं नव्हतं,” लेस्ली म्हणाला आणि घोंगडीत तोंड खुपसून रडायला लागला, कान गेलेला माणूस रडतो तसा, आपला आवाज किती मोठा आहे हे न कळता. ग्लेनिसनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिला स्वतःला रडू येत नव्हतं.

ते कधी परत गेले नाहीत. फोनही आला नाही, त्या वर्षी तरी नाही. जाकीट मिस प्रॉसरकडे टपालानं परत पाठवताना ग्लेनिसनं चिठ्ठी ठेवावी की नाही याचा पुष्कळ विचार केला आणि ठेवली नाही. आयुष्यात तिनं काही अवघड केलं असेल तर ते हे. इतके दिवस शोधण्यात निदान पाय तरी चालत होते. आता एवढंच करायचं होतं, की काही करायचं नाही. ते रोज सकाळी उठून नव्यानं करावं लागायचं.

पुढच्या मे महिन्यात सुट्टीला कुठं जायचं ते लेस्लीनंच ठरवलं. नकाशा पसरून तो वायपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांबचं ठिकाण शोधत होता, पार पूर्वेच्या किनाऱ्यावर. तिथं ना जुनी घरं, ना बागा, नुसते गोटे आणि राखाडी समुद्र. चुकूनसुद्धा आपण त्याच्या वाटेत येऊ नये, असं तो म्हणाला. पहिल्या संध्याकाळी दोघं किनाऱ्यावरच्या बाकावर चिप्स खात बसले होते. लांबवर नगरपालिकेचा एक माणूस पाठमोरा, वाकून गोट्यांमधला कचरा टोचत चालला होता. लेस्ली खायचा थांबला. ग्लेनिसही थांबली. तो माणूस उभा राहीपर्यंत दोघं तसेच, कागदाच्या पुडीत हात घालून, बसून राहिले.